पिनकोड पाहून सीओडी बंद करायची आहे: या कामाला मॅजेन्टो २.४ कसा आहे?

भारतात ऑनलाइन माल विकणाऱ्याला आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पार्सल निघतं, कुरिअरवाला दारात पोचतो, ग्राहक माल घेत नाही किंवा फोनच उचलत नाही, आणि पार्सल आल्या पावली गोदामात परत. जातानाचं भाडं गेलंच, येतानाचंही अंगावर पडतं. कुठल्या भागातून पार्सलं परत येतात हे दुकानदाराला आपल्या हिशेबावरून नेमकं ठाऊक असतं. त्यामुळे त्याची मागणी साधी असते: या पिनकोडांना सीओडी (कॅश ऑन डिलिव्हरी, म्हणजे माल हाती पडल्यावर पैसे) दाखवू नका, बाकीच्यांना असू द्या.

मॅजेन्टो या ऑनलाइन दुकान चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आयती नाही. ॲडमिनमध्ये, म्हणजे दुकानदाराच्या व्यवस्थापनाच्या पडद्यावर, कॅश ऑन डिलिव्हरीच्या सेटिंगमध्ये ऑर्डरची किमान रक्कम, कमाल रक्कम आणि देश ठरवता येतात. म्हणजे 'पाच हजारांवर सीओडी नको' एवढीच गरज असेल तर एक ओळही कोड लिहू नये, आकडा भरावा आणि सेव्ह करावं. पिनकोडाचा रकाना मात्र तिथे नाही. त्यासाठी छोटं मॉड्यूल, म्हणजे मॅजेन्टोला जोडायचा कोडचा तुकडा, लिहावं लागतं, आणि मॅजेन्टो ओपन सोर्स या फुकट आवृत्तीची पारख करायला हे काम फार चांगलं आहे. फाइली पाचच. डेटाबेसात नवं टेबल नको, नवं पान नको. तरीही प्लॅटफॉर्मच्या चांगल्यावाईट सगळ्या सवयी या पाच फाइलींत दिसतात.

निकाल आधीच सांगतो. या कामाच्या मानाने मॅजेन्टोची पूर्वतयारी जड आहे, आणि चेकआउटच्या, म्हणजे पत्ता आणि पैसे भरायच्या, पडद्यावर काही बदलायचं म्हटलं की तो दमवतो. पण सर्व्हरच्या बाजूचं त्याचं काम पक्कं आहे. नियम एकदा नीट बसवला की वेबसाइट, मोबाइल ॲप, एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमसाठीचं दार), कुठूनही ऑर्डर आली तरी तोच लागू होतो. एकच दुकान आणि शंभरेक वस्तू असतील तर केवळ अशा सोयींसाठी मॅजेन्टोकडे जाऊ नये. दुकान आधीच मॅजेन्टोवर असेल, किंवा एकाच ॲडमिनमधून दोनचार वेबसाइट चालवायच्या असतील, तर विकतचं एक्स्टेन्शन शोधत बसण्यापेक्षा हे मॉड्यूल घरचं लिहावं.

तयारी

२.४.७ साठी पीएचपी ८.२ किंवा ८.३ लागतं, मायएसक्यूएल ८.० किंवा मारियाडीबी १०.६ लागतं, आणि शोधासाठी ओपनसर्च किंवा इलॅस्टिकसर्च लागतंच. २०२० साली २.४.० आलं तेव्हापासून कॅटलॉगचा शोध मायएसक्यूएलवर चालत नाही. म्हणून स्वतःच्या लॅपटॉपवर चाचणीपुरतं इन्स्टॉल करायचं असलं तरी शोध-इंजिन आधी चालू हवं, नाहीतर इन्स्टॉलेशन तिथेच अडतं. पीएचपीची मेमरी मर्यादा २ जीबी ठेवावी. डेटाबेस, शोध-इंजिन, पीएचपी आणि ब्राउझर एकाच मशीनवर चालणार हे धरून ८ जीबीपेक्षा कमी रॅम असलेल्या मशीनवर हे काम घेऊ नये.

कंपोझर (पीएचपीची पॅकेजं आणणारं साधन) मॅजेन्टोच्या रिपॉझिटरीसाठी युजरनेम-पासवर्ड विचारतो तिथे बरेच जण अडतात. तिथे आपल्या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड चालत नाही. मार्केटप्लेसच्या खात्यात ॲक्सेस की तयार करायच्या. पब्लिक की म्हणजे युजरनेम, प्रायव्हेट की म्हणजे पासवर्ड.

पुढचा अडथळा ॲडमिनच्या दारात. २.४.० पासून दोन टप्प्यांचं लॉगिन सक्तीचं आहे आणि लोकल मशीनवर ईमेल जात नसल्याने ते पुरं होत नाही. फक्त लोकलवर टूफॅक्टरऑथ मॉड्यूल बंद करावं. २.४.६ पासून त्याच्यावर अवलंबून असलेलं ॲडमिनॲडोबीआयएमएसटूफॅक्टरऑथ हे मॉड्यूलही त्याच कमांडमध्ये बंद करावं लागतं, एकटं पहिलं बंद होत नाही. लाइव्ह सर्व्हरवर मात्र याला हात लावू नये.

शेवटी 'बिन/मॅजेन्टो डिप्लॉय:मोड:सेट डेव्हलपर'. हे टाळू नका. मॅजेन्टो एक्सएमएल फाइलींची रचना स्कीमाशी (ठरलेल्या नमुन्याशी) ताडून पाहतो ती फक्त डेव्हलपर मोडमध्ये. प्रॉडक्शनमध्ये टॅगचं नाव चुकलं तर ओरड होत नाही, तो टॅग नुसता दुर्लक्षित राहतो आणि मॉड्यूल गप्प बसतं. दिवस खाणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ इथे आहे.

पाच फाइली

समजा व्हेंडरचं नाव दुकान आणि मॉड्यूलचं सीओडीपिनकोड. नावं अर्थातच इंग्रजी अक्षरांत. फोल्डर 'ॲप/कोड/दुकान/सीओडीपिनकोड' असा तयार करायचा.

पहिली फाइल रजिस्ट्रेशन.पीएचपी, मॉड्यूलच्या मुळाशी. तिच्यात एकच काम: कंपोनंटरजिस्ट्रारला प्रकार, मॉड्यूलचं पूर्ण नाव आणि फोल्डरचा पत्ता देणं. पूर्ण नाव म्हणजे व्हेंडर, मध्ये अंडरस्कोर, मग मॉड्यूल. दुसरी इटीसी/मॉड्यूल.एक्सएमएल. तिच्यात तेच नाव अक्षरशः तसंच यायला हवं. लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरक विंडोज आणि मॅकवर सहसा खपून जातो, लिनक्स सर्व्हरवर खपत नाही. 'लोकलवर चालतं, सर्व्हरवर क्लास सापडत नाही' ही तक्रार आली की आधी फोल्डरच्या नावातली मोठी अक्षरं तपासावीत.

मॉड्यूल.एक्सएमएलमध्ये सीक्वेन्स नावाचा टॅग असतो. त्यात मॅजेन्टोचं ऑफलाइनपेमेंट्स मॉड्यूल लिहायचं, कारण सीओडी तिथे राहते आणि तिची सेटिंग आधी वाचली गेली पाहिजे. जुन्या धड्यांमध्ये इथे सेटअप-व्हर्जन लिहिलेलं आढळतं. टेबलांची रचना डीबी-स्कीमा फाइलीतून ठरायला लागल्यापासून, म्हणजे २.३ पासून, त्याची गरज नाही.

आणखी एक बारीक गोष्ट: एक्सएमएलच्या पहिल्या ओळीआधी रिकामी ओळ किंवा एखादी स्पेस राहिली तर फाइल वाचलीच जात नाही. कुठून तरी कोड कॉपी करताना हे सर्रास होतं.

तिसरी फाइल इटीसी/ॲडमिनएचटीएमएल/सिस्टिम.एक्सएमएल. दुकानदाराला पिनकोड भरायचा रकाना हिच्यातून मिळतो. नवीन टॅब, नवीन सेक्शन, त्यासाठी वेगळी परवानगी, हा सगळा पसारा टाळता येतो. सेक्शनचा आयडी पेमेंट आणि ग्रुपचा आयडी कॅशऑनडिलिव्हरी दिला की आपला रकाना सीओडीच्या मूळ सेटिंगमध्येच जाऊन बसतो आणि परवानग्याही तिथल्याच लागू होतात. दुकानदाराला शोधावं लागत नाही, आपली एक फाइल कमी लागते. वेगवेगळ्या मॉड्यूलांचं एक्सएमएल एकत्र विणण्याची मॅजेन्टोची ही पद्धत खरोखर कौतुकाची आहे. मूळ फाइलीला बोट न लावता तिच्यात भर घालता येते.

रकान्याचा प्रकार टेक्स्टएरिया ठेवावा आणि डिफॉल्ट, वेबसाइट, स्टोअर अशा तिन्ही पातळ्यांवर तो दिसेल असं सांगावं. मर्यादाही माहीत असावी. ही यादी कोअर_कॉन्फिग_डेटा या टेबलात टेक्स्ट प्रकारच्या कॉलममध्ये जाते, तिथे ६५,५३५ बाइट मावतात. सहा अंकी पिनकोड आणि त्यापुढची नवी ओळ मिळून ८ बाइट होतात, म्हणजे सुमारे आठ हजार पिनकोड. त्याहून मोठी यादी असेल तर वेगळं टेबल करावं.

चौथी फाइल इटीसी/इव्हेंट्स.एक्सएमएल. ही कुठे ठेवता यावर तुमचं मॉड्यूल चालणार की गप्प बसणार हे ठरतं.

पेमेंटची प्रत्येक पद्धत दाखवण्याआधी मॅजेन्टो 'पेमेंट_मेथड_इज_ॲक्टिव्ह' नावाचा इव्हेंट सोडतो. इव्हेंट म्हणजे 'आता हे घडतंय' अशी हाक. ती ऐकून चालणारा आपला क्लास, म्हणजे ऑब्झर्व्हर, तिला जोडायचा. आता ग्राहकाचा चेकआउट समोरच्या वेबसाइटवर चालतो, म्हणून नवा माणूस साहजिकच ही फाइल इटीसी/फ्रंटएंड फोल्डरात ठेवतो आणि काहीच होत नाही. कारण असं: मॅजेन्टोच्या मूळ चेकआउटमध्ये ग्राहकाने पत्ता भरून 'पुढे' दाबलं की ब्राउझर रेस्ट एपीआयला हाक मारतो, आणि पेमेंटच्या पद्धतींची यादी त्या उत्तरातून येते. ती विनंती फ्रंटएंड या एरियात (मॅजेन्टोच्या कामाच्या विभागात) चालतच नाही, वेबएपीआय_रेस्ट या एरियात चालते. फ्रंटएंडपुरता जोडलेला ऑब्झर्व्हर तिथे अस्तित्वातच नसतो. हेडलेस दुकान (समोरचा भाग मॅजेन्टोपासून वेगळा बांधलेलं) असेल तर तीच गोष्ट ग्राफक्यूएल एरियात. मॅजवायरवर चालणारा हायवा हा वेगळा चेकआउट असेल तर पुन्हा फ्रंटएंड.

म्हणून फाइल थेट इटीसी फोल्डरात ठेवावी, म्हणजे ती सगळीकडे लागू होते. फक्त एक प्रश्न दुकानदाराला आधी विचारावा: फोनवर ओळखीच्या ग्राहकाची ऑर्डर घेणाऱ्या तुमच्या माणसाला ॲडमिनमधून सीओडी देता यायला हवी का? हो म्हणाला तर इटीसीमधली फाइल काढून तिच्या तीन प्रती फ्रंटएंड, वेबएपीआय_रेस्ट आणि ग्राफक्यूएल या फोल्डरांत ठेवाव्यात. ॲडमिन मोकळा राहतो.

ऑब्झर्व्हरला नाव देताना व्हेंडरचं नाव पुढे लावावं. एकाच इव्हेंटवर दोन मॉड्यूलांनी एकच नाव वापरलं तर एक्सएमएल विणताना एक दुसऱ्याला झाकून टाकतं आणि कुठेही त्रुटी दिसत नाही.

ऑब्झर्व्हर

पाचवी फाइल म्हणजे खरं काम. एक्झिक्यूट या एकाच मेथडमध्ये पुढचा क्रम ठेवावा.

आधी पेमेंट पद्धतीचा कोड पाहावा. कॅशऑनडिलिव्हरी नसेल तर लगेच परत. हा इव्हेंट चेकआउटमध्ये प्रत्येक पद्धतीसाठी सुटतो, तेव्हा पत्ता काढणं, सेटिंग वाचणं ही कामं या तपासणीच्या आधी करू नयेत. दुकानात जादा शुल्क लावणारं वेगळं सीओडी एक्स्टेन्शन असेल तर त्याचा कोड वेगळा असतो, तोही यादीत घ्यावा लागतो. मग इव्हेंटमधून कोट घ्यावा. कोट म्हणजे चालू कार्ट. तो काही वेळा रिकामा येतो, कारण ही विचारणा कार्टशिवायही होते. रिकामा असेल तर परत. नंतर शिपिंग पत्त्याचा पिनकोड. तोही अजून भरलेला नसेल तर अडवू नये. ऑर्डर पक्की होताना तपासणी पुन्हा होतेच.

आता पिनकोड साफ करणं. मॅजेन्टोचा चेकआउट पिनकोड विचित्र वाटला तर पिवळी सूचना देतो, अडवत नाही. त्यामुळे तीन अंकांनंतर जागा सोडून लिहिलेला पिनकोडही सरळ आत येतो, आणि मराठी कीबोर्ड चालू असलेल्या फोनवरून ४११००४ असा देवनागरीतही येतो. आधी ० ते ९ हे देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलावेत, पीएचपीचं एसटीआरटीआर त्याला पुरेसं आहे. त्यानंतर अंक सोडून बाकी सगळं काढून टाकावं. हा क्रम उलटा केला तर साफ करणारी साधी रेग्युलर एक्स्प्रेशन देवनागरी अंकही उडवते आणि हाती रिकामी स्ट्रिंग उरते.

मग दुकानदाराची यादी वाचावी. ती स्कोपकॉन्फिगमधून (सेटिंग वाचून देणाऱ्या क्लासमधून) येते आणि इथे दुसरी नेहमीची चूक होते: फक्त पत्ता देऊन व्हॅल्यू मागितली की ती डिफॉल्ट पातळीची मिळते. दुकानदाराने एका वेबसाइटपुरती वेगळी यादी भरलेली असेल तर ती वाचलीच जात नाही. दुसऱ्या जागी स्टोअर हा स्कोप आणि तिसऱ्या जागी कोटचा स्टोअर आयडी दिला की मॅजेन्टो स्टोअर, मग वेबसाइट, मग डिफॉल्ट असा क्रमाने शोध घेतो.

यादी तोडताना जरा थांबा. ब्राउझर टेक्स्टएरियातली प्रत्येक नवी ओळ दोन अक्षरांनी पाठवतो, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. नुसत्या लाइन फीडवर एक्सप्लोड केलं तर शेवटचा सोडून प्रत्येक पिनकोडाच्या शेपटीला एक न दिसणारं अक्षर चिकटून राहतं आणि तुलना फसते. दुकानदार सांगतो, 'शेवटचाच पिनकोड बंद होतोय', आणि डेव्हलपरचा त्यावर विश्वास बसत नाही. अंक नसलेल्या कुठल्याही अक्षरसमूहावर प्रेग_स्प्लिट करावं. म्हणजे स्वल्पविराम, स्पेस, नवी ओळ, काहीही चालतं. देवनागरीचा बदल यादीवरही तोडण्याआधी करून घ्यावा.

पूर्ण पिनकोडांबरोबर सुरुवातीचे तीन अंकही यादीत चालावेत, ही सोय देण्यासारखी आहे. पिनकोडाचे पहिले तीन अंक टपालखात्याचा वर्गीकरण जिल्हा दाखवतात. ४०३ लिहिलं की अख्खा गोवा आला. मात्र दोन अंकांची नोंद घेऊ नये, कोडातच नाकारावी. ४० लिहिताना मनात मुंबई-ठाणे आणि रायगड असतं, पण ४०३ त्यातच असल्याने गोवाही बंद होतो.

तुलनेला पीएचपी ८ मधलं एसटीआर_स्टार्ट्स_विथ वापरावं. पण रिकाम्या स्ट्रिंगने कुठलीही स्ट्रिंग 'सुरू होते' असंच ते उत्तर देतं. यादीच्या शेवटी एक रिकामी ओळ राहिली आणि तुकडे करताना रिकामे तुकडे गाळले नाहीत, तर साऱ्या देशाची सीओडी बंद होते. प्रेग_स्प्लिटला रिकामे तुकडे नको असा फ्लॅग द्यावा. तीन अंकांपेक्षा लहान नोंद नाकारण्याचा नियम केला असेल तर दुहेरी संरक्षण मिळतं.

जुळलं तर इव्हेंटमधल्या रिझल्ट ऑब्जेक्टवर इज_अव्हेलेबल फॉल्स करावं. जुळलं नाही तर काहीच करू नये. इथे ट्रू लिहिण्याचा मोह टाळावा. तसं केलं तर याच इव्हेंटवर दुसऱ्या मॉड्यूलने बंद केलेली सीओडीही आपलं मॉड्यूल पुन्हा उघडेल.

हाच परिणाम प्लगइनने (मूळ मेथडच्या आधी-नंतर चालणाऱ्या कोडने) साधता येतो, सीओडीच्या क्लासवरच्या इजअव्हेलेबल मेथडला आफ्टर प्लगइन लावून. तेही योग्य आहे, पण त्यात रिझल्ट परत करायला विसरलात तर नल जातो आणि सीओडी सगळ्यांची गायब होते. अराउंड प्लगइनची इथे गरज नाही. आणि अख्खा क्लास बदलणारा प्रेफरन्स अजिबात वापरू नये, कारण दोन एक्स्टेन्शनांनी एकाच क्लासवर प्रेफरन्स लावला तर एकच टिकतो. ऑब्झर्व्हरचा आणखी एक फायदा म्हणजे पेमेंट पद्धत जुन्या ॲबस्ट्रॅक्टमेथडवर बांधलेली असो वा नव्या ॲडॅप्टरवर, इव्हेंट दोन्हीकडून तोच सुटतो.

ऑब्जेक्टमॅनेजर (वस्तू तयार करून देणारा मॅजेन्टोचा क्लास) थेट वापरू नये. लागणारी वस्तू कन्स्ट्रक्टरमध्ये मागावी. कन्स्ट्रक्टर बदलल्यावर आर्ग्युमेंट कमी पडल्याची त्रुटी आली तर आपला कोड तपासण्याआधी जनरेटेड/कोड फोल्डर रिकामं करावं. जुन्या रूपाप्रमाणे तयार झालेला क्लास तिथे पडलेला असतो.

चालू करणं आणि लाइव्ह नेणं

'मॉड्यूल:एनेबल' आणि 'सेटअप:अपग्रेड' या दोन कमांड एकदाच. त्यानंतर एक्सएमएलमध्ये बदल केला की 'कॅशे:क्लीन कॉन्फिग' पुरतं. प्रत्येक बदलाला सेटअप:अपग्रेड चालवणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय. मॉड्यूल चालू आहे याची नोंद ॲप/इटीसी/कॉन्फिग.पीएचपीमध्ये १ आकड्याने होते. ही फाइल गिटमध्ये ठेवली तर सर्व्हरवर वेगळं एनेबल करावं लागत नाही.

लाइव्ह सर्व्हरवर क्रम असा: मेंटेनन्स चालू, सेटअप:अपग्रेड, सेटअप:डीआय:कम्पाइल, स्टॅटिक कंटेंट डिप्लॉय, कॅशे:फ्लश, मेंटेनन्स बंद. कमांड रूट युजरने चालवू नयेत. व्हार आणि जनरेटेड फोल्डरातल्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात, वेब सर्व्हरला त्यांत लिहिता येत नाही, आणि चालू दुकान ५०० ची त्रुटी दाखवायला लागतं. कारण शोधायला व्हार/लॉगमधल्या एक्सेप्शन.लॉग आणि सिस्टिम.लॉग, आणि पडद्यावर क्रमांक दिसला तर त्याच क्रमांकाची व्हार/रिपोर्टमधली फाइल.

चाचणी पाहुणा म्हणून चेकआउट करून करावी. सीओडी मुळात बंद असते, ती आधी चालू करावी. बंद पिनकोड, चालू पिनकोड, मध्ये जागा सोडलेला, देवनागरीतला, मागे जाऊन बदललेला पत्ता, शेवटी रिकामी ओळ असलेली यादी आणि वेगळी यादी असलेली दुसरी वेबसाइट, एवढं झालं की बहुतेक सापळे संपतात. आणि सीओडीखेरीज दुसरी एखादी पद्धत चालू आहे ना, हे पाहावं. नसेल तर त्या पिनकोडच्या ग्राहकाला पैसे भरायला मार्गच उरत नाही.

मॅजेन्टोला पैकीच्या पैकी द्यावेत अशी जागा पुढे आहे. पेमेंटची पद्धत कोटवर बसवताना सर्व्हर तीच विचारणा पुन्हा करतो. कुणी ब्राउझरमधून खटपट करून बंद पिनकोडवर सीओडीची विनंती पाठवलीच, तर 'ही पेमेंट पद्धत उपलब्ध नाही' असं उत्तर मिळतं आणि ऑर्डर होत नाही. सीओडीचा पर्याय जावास्क्रिप्टने नुसता झाकणाऱ्या तयार तुकड्यांत हे संरक्षण नसतं. विकतचं एक्स्टेन्शन घेताना नेमका हाच प्रश्न विचारावा.

जिथे गुण कापले

सीओडी गुपचूप नाहीशी झाली तर ग्राहक गोंधळतो. 'या पिनकोडला सीओडी नाही, यूपीआय किंवा कार्डाने पैसे भरा' असं एक वाक्य दाखवणं हे अगदी रास्त. पण पाच फाइलींचं सुबक काम इथे अवघड होतं. मूळ चेकआउट नॉकआउट ही जावास्क्रिप्ट लायब्ररी आणि यूआय कंपोनंट यांवर उभा आहे. एक ओळ मजकूर घालायला लेआउट फाइलीत जेएसलेआउटच्या आयटमांची एकात एक अशी लांब उतरंड लिहावी लागते, त्यातलं एक नाव चुकलं तर काहीच दिसत नाही आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्येही खूण सापडत नाही. वर टेम्प्लेट, जावास्क्रिप्ट फाइल, मराठी-इंग्रजी मजकुराची सीएसव्ही, आणि प्रॉडक्शनमध्ये त्यासाठी स्टॅटिक कंटेंट पुन्हा तयार करणं. मूळ नियमापेक्षा या वाक्याला जास्त वेळ जातो. बजेट कमी असेल तर हे वाक्य सीओडीच्या धोरणाच्या पानावर आणि कार्टच्या पानावर साध्या सीएमएस ब्लॉकमध्ये लिहावं, चेकआउटला हात लावू नये. तो ब्लॉक लेआउटमधून जोडताना कॅशेबल=फॉल्स मात्र लिहू नये. तेवढ्या एका ब्लॉकसाठी अख्खं पान पेज कॅशेबाहेर जातं. कार्टच्या पानाला फरक पडत नाही, पण धोरणाच्या किंवा उत्पादनाच्या पानाला चांगलाच पडतो.

दस्तऐवजांबद्दल: ॲडोबीने २०१८ साली मॅजेन्टो विकत घेतल्यावर डेव्हलपरांसाठीची माहिती नव्या ठिकाणी गेली. एरिया, प्लगइन, एक्सएमएल विणणं यांवरची पानं चांगली आहेत. पण इंटरनेटवर इतरत्र सापडणारे पुष्कळ धडे २.१ किंवा २.२ च्या काळातले आहेत. त्यात इन्स्टॉलस्कीमा क्लास दिसला की तो धडा सोडून द्यावा.

वर्डप्रेसवर चालणाऱ्या वूकॉमर्सशी तुलना होणारच. तिथे हेच काम एका पीएचपी फाइलीत होतं. वूकॉमर्स_अव्हेलेबल_पेमेंट_गेटवेज हा फिल्टर पकडायचा, ग्राहकाचा शिपिंग पिनकोड पाहायचा आणि ॲरेमधून सीओडी काढायची. कम्पाइल नाही, डिप्लॉय नाही, साध्या शेअर्ड होस्टिंगवर चालतं. पिनकोड साफ करण्याचे वरचे सगळे नियम तिथेही तसेच लागतात. एकट्या छोट्या दुकानाला तोच मार्ग स्वस्त आणि शहाणपणाचा. वेबसाइट, स्टोअर आणि स्टोअर व्ह्यू अशा पातळ्यांवर वेगळी यादी ठेवायची सोय मात्र तिथे स्वतः बांधावी लागते, ती मॅजेन्टो एका टॅगच्या तीन खुणांत देतो.

पैशांचं म्हणाल तर मॅजेन्टो ओपन सोर्स ओएसएल ३.० परवान्याखाली फुकट आहे. ॲडोबी कॉमर्स ही पैसे देऊन घ्यायची आवृत्ती, आणि हे मॉड्यूल तिच्यावरही जसंच्या तसं चालतं. फुकट आवृत्तीचा खरा खर्च सर्व्हर आणि सुरक्षेचे पॅच वेळेवर लावणारा माणूस हा आहे. हे मॉड्यूल पॅचच्या आड येत नाही, कारण ते मूळ कोडातल्या एकाही फाइलीला शिवत नाही.

काढून टाकायची वेळ आली तर 'मॉड्यूल:डिसेबल' करून फोल्डर हटवावं आणि सेटअप:अपग्रेड चालवावं. 'मॉड्यूल:अनइन्स्टॉल' ही कमांड फक्त कंपोझरने आणलेल्या मॉड्यूलांसाठी आहे, ॲप/कोडमधल्यांना ती लागू नाही. भरलेली पिनकोडांची यादी कोअर_कॉन्फिग_डेटामध्ये तशीच राहते. मॉड्यूल पुन्हा बसवायचं असेल तर ती असू द्यावी, नसेल तर त्या पत्त्याच्या ओळी सगळ्या स्कोपमधून हाताने पुसाव्यात आणि कॉन्फिगची कॅशे साफ करावी.